दोन सुरांची किटली

व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाच्या कँटीनमध्ये एका सकाळी एक मुलगी स्वतःची किटली घेऊन आली आणि पाच मिनिटं शेगडी मिळेल का, असं विचारू लागली. कँटीनवाल्याने घरून डबे आणणारी माणसं खूप पाहिली होती. किटली आणणारी ही पहिलीच. पण तिचे डोळे भरून आले होते, म्हणून जास्त चौकशी न करता त्याने दुधाचं पातेलं बाजूला सरकवलं.

तिची हकिगत अशी होती. तिच्या बाबांचा किटल्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, तर पत्र्याच्या छपराखालच्या दोन लांब खोल्या, एक दाबयंत्र, सांध्यांना डाग देणारे दोघे काका आणि शिट्ट्या बनवणारे बाबा. पण त्यांची किटली पाणी उकळलं की दोन सुरांत वाजायची. आधी खालचा सूर, मग त्यावर अलगद चढणारा वरचा. बाबांनी ऐन तिशीत ती शिट्टी शोधून काढली होती, आणि त्यानंतर पस्तीस वर्षं कितीतरी घरांतली माणसं त्या आवाजाने अंथरुणातून उठत आली होती. मागच्या वर्षी एका बड्या कंपनीने अगदी तश्शी वाजणारी किटली बाजारात आणली. वकिलांकडे गेले, तर त्यांनी हात वर केले. नाव चोरलं असतं, चित्र चोरलं असतं तर काही करता आलं असतं. आवाजाला मात्र कायद्यात जागाच नव्हती.

आणि आता कायदा बदलला होता. नव्या दुरुस्तीप्रमाणे आवाजसुद्धा व्यापारचिन्ह म्हणून नोंदवता येणार होता. तो आवाज जो आधीपासून वापरत आला असेल त्याचा हक्क पहिला, फक्त अर्ज तीन महिन्यांच्या आत करायचा.

पेपरात हे वाचून ती दुसऱ्याच दिवशी किटली पिशवीत घालून निघाली होती. खिडकीतल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, की किटली इथे ठेवून घेता येत नाही. आवाजाचं रेकॉर्डिंग हवं, तो सुरांच्या लिपीत लिहिलेला हवा, शब्दांत वर्णन हवं आणि तुमच्या कारखान्याच्या सगळ्या किटल्या तोच आवाज काढतात, असं एखाद्या जाणकाराचं प्रमाणपत्र हवं. एकदा ऐकून तर घ्या, असं ती म्हणाली, तेव्हा बाईंनी तिच्या मागच्या रांगेकडे बोट दाखवलं.

म्हणून ती कँटीनमध्ये आली होती. एवढ्या लांब आणलेली किटली या इमारतीत निदान एकदा वाजल्याशिवाय परत न्यायची नाही, एवढंच तिने मनाशी धरलं होतं.

पाणी उकळलं. खालचा सूर आला... मग वरचा. लोकांनी कपांतून माना वर केल्या. कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेला एक तरुण मात्र डोळे मिटून ऐकत राहिला. शिट्टी थांबल्यावर तो उठून तिच्यापाशी आला. उंच, किडकिडीत, आणि शर्टाच्या खिशात पेनाऐवजी सूर तपासायचा दोन दातांचा एक पोलादी काटा.

"सुंदर आहे," तो म्हणाला. "वरचा सूर जरासा चढलाय, पण सुंदर आहे."

सकाळपासून तिच्या वाट्याला आलेलं हे पहिलं गोड वाक्य, आणि त्याच्याही पोटात खोट.

"तुम्हाला कुणी विचारलं?"

"कुणी नाही. कान आपणहून ऐकतात... त्यांना मी तरी काय करू?"

कँटीनवाला हसला आणि त्यानेच ओळख करून दिली. हा शेजारच्या संगीतशाळेतले अकरा पियानो सुरात लावायला आलाय. गावोगाव हेच करत फिरतो. संगीतशाळेतला चहा पाणचट, म्हणून इकडे येतो. सगळे त्याला कानसेन म्हणतात, कारण कपावर चमचा वाजला तरी कप तडकलाय की नाही ते तो बसल्या जागी सांगतो.

तिचं रडू कुठच्या कुठे पळालं. "तुम्हाला सुरांची लिपी लिहिता येते?"

"येते."

"आणि प्रमाणपत्र देता येतं?"

"देता येईल. पण आधी चहा घ्या."

"आधी प्रमाणपत्र."

"आधी चहा," तो ठामपणे म्हणाला. "प्रमाणपत्र हातात पडलं, की तुम्ही लगेच जाल."

तिने चहा घेतला. कँटीनवाला सांगतो, की तो चहा प्यायला तिला पाऊण तास लागला.

दुसऱ्या दिवसापासून कानसेन दुपारी कारखान्यात येऊ लागला. त्याची फी ठरली, बसायला खिडकीजवळचं स्टूल ठरलं. बाबांनी पहिल्या दिवशी त्याला नखशिखान्त न्याहाळलं आणि शिट्टी कशी बनते ते दाखवायला बसले. टोपणात दोन कप्पे. प्रत्येकात पत्र्याच्या दोन चकत्या, मध्ये बारीकशी फट. लाकडी हातोडीने चकती हलकेच ठोकायची, तोंडाने फुंकून बघायचं, पुन्हा ठोकायची. आवाज मनासारखा आला की बाबा मान डोलवायचे आणि शिट्टी टोपलीत टाकायचे. हे ते पस्तीस वर्षं करत होते, आणि आपला कान म्हणजे कारखान्याचं भांडवल, असं डागकाम करणाऱ्या दोघा काकांना दर आठवड्याला एकदा तरी ऐकवत होते.

ती किटल्या उकळत ठेवायची, तो ऐकून वहीत टिपायचा. कधी नुसती शिट्टीच फुंकायची असायची. ती फुंकून त्याच्या हातात द्यायची. पहिले दोन दिवस तो खिशातला रुमाल काढून शिट्टी नीट पुसून मग ओठांना लावायचा. तिसऱ्या दिवशी रुमाल विसरला. चौथ्या दिवशी रुमाल खिशातून डोकावताना तिला स्पष्ट दिसत होता, तरी त्याने तो काढला नाही. ती एकदम वळली आणि नसलेलं काम शोधू लागली.

अर्जात एक रकाना होता, आवाजाचं वर्णन पन्नास शब्दांत करा. त्यावर दोघांची दोन दुपारी डोकेफोड झाली. तिने लिहिलेलं त्याला कोरडं वाटे, त्याने सांगितलेलं तिला अघळपघळ.

"खालचा सूर दारात येऊन उभा राहतो," तो एकदा म्हणाला. "आणि वरचा त्याला म्हणतो, बाहेर का... आत ये ना."

"हे सरकारी अर्जात लिहायचं?"

"अर्जात नाही. हे तुम्हाला सांगितलं."

छपरावर त्या वेळी पावसाची भुरभुर चालू होती. तिने मान खाली घालून रकान्यात लिहिलं, 'दोन सलग सूर, दुसरा चढा.' अक्षर मात्र नेहमीपेक्षा वाकडं आलं.

प्रमाणपत्रासाठी वेगवेगळ्या वर्षांच्या बारा किटल्या तपासायच्या होत्या. तिने शेजारीपाजारी फिरून जुन्या मिळवल्या, गोदामातून नव्या काढल्या. कानसेनने एका दुपारी त्या ओळीने वाजवून पाहिल्या आणि वही मिटून बसून राहिला. तिने दोनदा विचारल्यावर मग सांगितलं. जुन्या आठ किटल्यांचे दोन्ही सूर अगदी नेमके होते. मागच्या दोन वर्षांतल्या चार किटल्यांचा खालचा सूर नेमका होता. वरचा मात्र प्रत्येकीचा निराळा होता. एकीचा चढलेला, दुसरीचा उतरलेला. कँटीनमध्ये वाजली तीही त्यांतलीच.

कंपनीच्या किटल्या यंत्रावर बनत होत्या, त्या सगळ्या एकसारख्या वाजत. म्हणजे नकलेचा सूर पक्का आणि असलीचाच डळमळता. ती म्हणाली, की फरक केसाएवढा आहे, साध्या माणसाला कळणारही नाही, तेव्हा सगळ्या सारख्याच आहेत असं लिहून टाका.

"मला कळतो," तो म्हणाला. "तसं लिहिता येणार नाही."

"पत्रा बदलला असेल. हवा दमट असेल."

"पत्रा बदलला असता तर खालचाही सूर हलला असता."

"मग कारण काय?"

बाबा पलीकडच्या खोलीत चकती ठोकत होते. त्याने तिकडे एकदा पाहिलं आणि नजर खाली घेतली.

"तीन महिन्यांतले पाच आठवडे गेलेत," ती म्हणाली, आणि रागाच्या भरात तुम्हीवरून थेट तूवर आली. "तुला काय रे, तू उद्या दुसऱ्या गावाला जाशील. हे सगळं बंद पडलं तर बाबांनी करायचं काय? एक ओळ लिहायची आहे तुला. एक ओळ."

तो 'तू' दोघांच्याही कानाला लागला. एरवी गोड लागला असता तसा नाही, पण लागला. कानसेनने वही पिशवीत टाकली, बाबांचा निरोप घ्यायला पलीकडे गेला, बराच वेळ तिथेच थांबला आणि मग मागच्या दाराने निघून गेला.

पुढचे सहा दिवस तो आला नाही. खिडकीजवळचं स्टूल तिने दोनदा उचलून आत ठेवलं, दोनदा परत आणून ठेवलं. तिचा राग पहिल्या तीन दिवसांत ओसरला. उरलेले तीन दिवस तो टिकवून धरायला तिला बरेच कष्ट पडले.

सातव्या दिवशी बाबांनी हातोडी खाली ठेवली आणि तिला जवळ बसवून घेतलं. म्हणाले, बाळ, तुला एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी तो पोरगा माझा निरोप घ्यायला आला ना, तेव्हा त्याने दोन काटे काढले. एक आपल्या खालच्या सुराचा, एक वरच्याचा. खालचा वाजवून माझ्या कानाशी धरला आणि विचारलं, हाच ना? मी म्हटलं, हाच. मग दुसरा धरला. मी मान डोलावली, म्हटलं, अगदी बरोबर...

बाबा थांबले. हातातली चकती त्यांनी दोनदा उलटीसुलटी केली.

"बाळ, तो दुसरा काटा त्याने वाजवलाच नव्हता."

तिला क्षणभर काही उमजेना. मग उमजलं, आणि तिने बाबांचा हात घट्ट धरला. दोन वर्षं झाली होती. आधी पाखरांचे आवाज गेले, मग दाराची घंटा, मग वरचा सूर. खालचं सगळं ऐकू येत होतं, माणसांचं बोलणं येत होतं, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. वरच्या चकत्या ते नुसत्या बोटांच्या अंदाजाने ठोकत होते आणि मान डोलवत होते.

"त्याने मला शब्दाने दुखवलं नाही," बाबा म्हणाले. "काटा पिशवीत ठेवला आणि म्हणाला, हे तुमचं तुम्हीच घरी सांगा, मी कुणाला सांगणार नाही. मला वाटलं होतं, त्याच दिवशी सांगीन तुला. सहा दिवस गेले जीभ उचलायला."

ती तशीच उठली आणि संगीतशाळेत गेली. तिथल्या बाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, कानसेनचं काम संपून तीन आठवडे झाले. अकराच्या अकरा पियानो लावून झाले, पैसे चुकते झाले, दोन गावांहून बोलावण्याची पत्रं येऊन पडलीत. आणि हा माणूस रोज सकाळी येतो, लावलेल्या पियानोची एक तार सैल करतो आणि पुन्हा घट्ट करत बसतो. आम्ही काही बोलत नाही, पण हे चाललंय काय?

मोठ्या खोलीत तो पियानोचं झाकण उघडून आत वाकला होता. पावलांच्या आवाजावरून त्याने तिला ओळखलं असावं, कारण मान वर न करताच तो म्हणाला, "या."

"ये म्हण," ती म्हणाली. "मी तुला तू म्हणून बसलेय. आता मागे फिरता येत नाही."

त्याने मान वर केली. तिने घरातलं सगळं सांगितलं, रागावल्याबद्दल माफी मागितली, आणि मग विचारलं, की बाबांचं गुपित पोटात ठेवून तिचं बोलणं ऐकून घेताना त्याला राग आला नाही का.

"राग नाही आला," तो म्हणाला. "तू म्हणालीस ना, दुसऱ्या गावाला जाशील. तेवढं लागलं."

पुढचं काम त्यानेच सुचवलं. वरचा सूर तिने लावायचा. तिचा जन्म त्या शिट्टीत गेलेला. कान तयार होताच, हात तयार करायचा होता. मग तीन आठवडे दुपारी तिघं एका बाकावर बसली. बाबा खालचा सूर लावून शिट्टी पुढे सरकवत, ती वरची चकती ठोकून फुंकत असे आणि कानसेन काटा वाजवून ऐकत असे. पहिल्या आठवड्यात चाळीस चकत्या वाया गेल्या. ती वैतागली, की तो तिची हातोडी धरलेली बोटं जरा सैल करून द्यायचा, आणि मग हात बाजूला घ्यायला विसरायचा. बाबांना ऐकू कमी येत होतं, दिसत नीट होतं. अशा वेळी ते खिडकीबाहेरच्या झाडाचं निरीक्षण करत.

अर्ज मुदतीच्या नऊ दिवस आधी गेला. प्रमाणपत्रात कानसेनने खरं ते लिहिलं. जुन्या किटल्या आणि नव्याने बनवलेल्या किटल्या यांचा आवाज एकच; मधल्या दोन वर्षांत वरच्या सुरात फरक. तिने ते वाचलं, एक मोठा श्वास घेतला आणि अर्जाखाली सही केली.

कंपनीने हरकत घेतलीच. सुनावणीच्या दिवशी त्यांच्या वकिलांनी मधल्या वर्षांतल्या दोन किटल्या टेबलावर ठेवून उकळल्या आणि विचारलं, की ज्यांना स्वतःलाच आपला सूर ठरवता येत नाही ते तो नोंदवणार कसा. अधिकारी बाईंनी चष्म्यावरून पाहत फरकाचं कारण विचारलं. ती उत्तरासाठी उठली. पण तिच्या आधी बाबा उभे राहिले.

"कारण मी आहे," ते म्हणाले. "मला वरचा सूर ऐकू येत नाही. लाज वाटली म्हणून दोन वर्षं कुणाला सांगितलं नाही. आता ही लावते."

कंपनीच्या वकिलांनी हातातला कागद हळूच खाली ठेवला. मग अधिकारी बाईंनी नव्या किटल्या मागवल्या. त्या एकामागून एक सहा वाजल्या, शेवटी तीस वर्षांपूर्वीची एक वाजली, आणि बाईंनी पुन्हा एकदा तीच जुनी वाजवायला सांगितली. आमच्या आईकडे हीच होती, असं त्या बोलून गेल्या आणि लगेच गंभीर झाल्या.

नोंदणीचं पत्र महिन्याभराने दुपारी आलं. बाबांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं, डागकाम करणाऱ्या काकांनी दोनदा हात धुऊन ते हातात घेऊन पाहिलं. तेवढ्यात कानसेन आला. त्याने पत्र पाहिलं, हसला, आणि मग दाराशीच उभा राहिला. बाबांना एकाएकी आठवलं, की दोघा काकांना घेऊन गोदामातले खोके मोजायचे आहेत. गोदामात त्या दिवशी एकही खोका नव्हता.

"आता मला जायला हवं," कानसेन म्हणाला. "त्या दोन गावांची पत्रं आता चार झालीत."

"एवढंच सांगायला आलास?"

"नाही... पण पत्र येईपर्यंत बोलता येत नव्हतं. प्रमाणपत्रात खाली एक ओळ आहे. माझा अर्जदाराशी कोणताही हितसंबंध नाही. तिच्यावर माझी सही आहे."

तिला हसू फुटलं. "म्हणजे कधी नव्हे ते खोटं लिहिलंस."

"नाही. सही करण्याआधी मी खिडकीतल्या बाईंना विचारून आलो होतो. त्या म्हणाल्या, नातं आहे? म्हटलं, नाही. म्हणाल्या, फीशिवाय काही मिळणार आहे? म्हटलं, नाही. मग करा सही, म्हणाल्या." तो थांबला. "मग मी विचारलं, पण पुढे नातं व्हावं अशी इच्छा असेल तर? बाईंनी सगळं पुस्तक चाळलं. म्हणाल्या, त्याची तरतूद कायद्यात अजून झालेली नाही."

"तू हे... खिडकीत विचारलंस? रांगेसमोर?"

"मागे सात माणसं होती."

तिने तोंडावर हात ठेवला. कान लाल झालेत हे तिचं तिलाच कळत होतं. या माणसाने तिला अजून काहीच सांगितलं नव्हतं, आणि आधी एका सरकारी खिडकीत, सात परक्या माणसांदेखत सांगून मोकळा झाला होता. तिला त्याच्यावर रागवायचं होतं, पण राग कुठे मिळेना.

"मी गावोगाव फिरणारा माणूस आहे," तो म्हणाला. "वर्षातले चार महिने बाहेर. ते बदलायचं नाही, कारण मला दुसरं काही येत नाही. पण उरलेले आठ... तुझी हरकत नसेल तर..."

"हरकत नाही," ती म्हणाली.

तो नुसता पाहत राहिला.

"ऐकू नाही आलं?"

"आलं," तो म्हणाला. "पुन्हा म्हण. पुन्हा ऐकायचंय."

ती दोन पावलं पुढे आली, त्याच्या खिशाशी वाकडं झालेलं बटण सरळ केलं आणि पुन्हा म्हणाली. मग गोदामात ताटकळलेल्या तिघांना बोलवायला दोघं मिळूनच गेली.